वाऱ्याच्या वाटेतला कोनाडा

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचं तोंड बघते. खरंच ऐकायची इच्छा दिसली तर सांगते, नाहीतर ‘इंजिनाचं काम करते’ एवढ्यावर सुटका करून घेते. गोंदिया स्टेशनवर गाडीची वाट बघताना एका बाईंनी हे ऐकून मला त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलविषयी सल्ला विचारला होता. ती चढावर धाप टाकते म्हणे. मी सल्ला दिला. त्या मुलाचं पुढे काय झालं कोण जाणे.

धाप टाकणं हा तसा माझा विषय आहेच. मी ज्या इंजिनावर काम करते ते श्वास घेतं. निदान त्याने घ्यावा म्हणून आम्ही काही माणसं दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत कित्येक वर्षं डोकं फोडत आहोत. रॉकेट वर जाताना पोटात इंधन नेतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते इंधन जाळायला प्राणवायू लागतो आणि तोही ते टाकीत भरून बरोबर नेतं, जळणापेक्षा त्याचंच ओझं जास्त असतं, हे मला कॉलेजात पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावून गेले. वर्गात हात वर करून विचारलं, “पण सर, ते हवेतूनच जातंय ना?” वर्ग हसला. सर म्हणाले, “बस खाली. उत्तर सापडलं तर मलाही कळव.” ते अजून कळवायचं राहिलंय.

आमच्या गावाजवळ चोरखमाऱ्याचा तलाव आहे. त्या तलावावर आंघोळीला जाताना कुणी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन निघाला तर गाव त्याला काय म्हणेल? रॉकेट तेच करतं, आणि म्हणूनच ते इतकं जड आणि इतकं महाग असतं. साध्या रॉकेटने आधी वेग द्यायचा, मग वाटेतली हवा गिळत गिळत हवा विरळ होईपर्यंत वर जायचं, आणि त्यापुढेच काय ती टाकी उघडायची. एवढं जमलं तर अवकाशात जाणं पुष्कळ स्वस्त होईल. सांगायला दोन वाक्यं लागतात. करायला माझे केस पांढरे व्हायला लागले.

अडचण आगीची आहे. आमच्या इंजिनात हवा आवाजालाही मागे टाकत शिरते. या तोंडातून शिरून त्या तोंडातून बाहेर पडायला तिला इतका कमी वेळ लागतो की पापणी हलायचीसुद्धा राहून जाते. तेवढ्यात इंधन तिच्यात मिसळायला हवं, पेटायला हवं, आणि पेटलेलं राहायला हवं. पेटवणं एक वेळ जमतं. राहणं जमत नाही. तलावाचं दार उघडल्यावर कालव्यात जो लोंढा सुटतो त्यात ओंजळ धरून पाणी पिण्यासारखं आहे ते. ओंजळच हाताबरोबर वाहून जाते.

यावर उपाय म्हणून इंजिनाच्या आतल्या भिंतीला एक खाच ठेवतात. वारा तिच्यावरून निघून जातो, पण त्यातली थोडीशी हवा खाचेत वळते आणि तिथल्या तिथे गरगरत राहते. त्या गरगरण्यात आग बसू शकते. तिथे बसून ती वरून धावणाऱ्या वाऱ्याला पेटवत राहते, असा सगळा बेत. हे मी एकदा आईला चित्र काढून समजावलं होतं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, “म्हंजे कोनाडा.”

“हो, कोनाडाच.”

“अन् येवढ्यासाठी येवढी शिकली तू?”

आमच्या घरी दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत कोनाडा आहे आणि त्यात संध्याकाळी दिवा लागतो. वारा कितीही असला तरी तो सहसा विझत नाही. मी लहानपणी त्याच्यासमोर बसून अभ्यास केलाय. तो का विझत नाही, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. आता पगार घेऊन पडतो.

तर गेल्या आश्विनातली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी रजा काढून गावी आले. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. शेती बटईने, निम्म्या वाट्यावर दिलेली, बाकी घर, अंगण आणि शेजारणी. आमची चाचणी त्याच्या आधीच व्हायची होती. ती पुढे ढकलत ढकलत नेमकी नवरात्रात आली. वरिष्ठ म्हणाले, थांबायचं असेल तर थांब. मी थांबले नाही. आईच्या डोळ्यात थेंब घालायला माणूस हवं होतं हे खरंच आहे, पण ते निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं, की ती आग आणखी एकदा पडद्यावर विझताना बघायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दर वेळी तेच. लखकन उजेड, आमचा सगळ्यांचा श्वास रोखलेला, आणि मग नुसता वारा. मागच्या खेपेनंतर मी घरी जाऊन जेवले, भांडी घासली, आणि शेवटची वाटी हातात घेऊन तशीच नळाखाली उभी राहिले. आता बस झालं, असं मला त्या वाटीकडे बघताना वाटलं होतं.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जेवताना मी आईला सांगून टाकलं. “या खेपेला आग टिकली नाही तर मी परत येते. गोंदियातल्या एका कॉलेजात शिकवायची जागा आहे. ते लोक विचारत आहेत.”

आई भात वाढत होती. तिचा हात थांबला.

“खरं सांगून राहिली?”

“खरं.”

“अन् टिकली तं?”

“टिकली तर मग पुढची दहा वर्षं मला तिथून हलता येणार नाही. टिकल्यावरच तर खरं काम सुरू होतं.”

तिने माझ्या ताटात भात वाढला, आणि मी नको म्हणेपर्यंत आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बाई काळा चष्मा लावून आतल्या खोलीतली कोळ्यांची जाळी काढत होती. त्या खोलीत वर्षानुवर्षं धानाच्या कणग्या आणि जुनी गोधडी सोडून काही नव्हतं. ऑपरेशन झालेल्या माणसाने धुळीत जायचं नसतं म्हणून मी ओरडले. ती म्हणाली, “आपलंच घर आहे, धूळ बी आपलीच.” फोनवर दर वेळी तिचा शेवटचा प्रश्न असायचा, ‘कधी येऊन राहिली?’ त्यामुळे ती जाळी कुणासाठी निघतायत हे मला सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी घट बसले. आमच्याकडे नवरात्रात देवीच्या देवळात मनोकामनेच्या जोती लावतात. देवळाला लागून एक लहानशी खोली आहे. तिच्यात मातीचे कलश ओळीने मांडतात, प्रत्येकावर तेलाचा दिवा, आणि ज्याने त्याने आपल्या नावाची चिठ्ठी कलशाला लावायची. नऊ दिवस जोत अखंड राहिली पाहिजे. मनात काय मागितलं ते कुणाला सांगायचं नसतं. पूर्ण झालं की मगच सांगतात. खोलीत कुणीही जायचं नाही. गावातले एक सुतार काका दरवर्षी नऊ दिवस उपास धरून, अनवाणी, तिथेच मुक्काम करतात आणि जोतींना तेल-वात करतात. बाकीच्यांनी जाळीच्या दारातून बघायचं. लहानपणी मी त्या दाराला नाक लावून उभी राहायची. एवढ्या ज्योती एकदम बघितल्या की आईने हाक मारेपर्यंत मी तिथून हलायची नाही. मी देवाधर्माची नाही, पण आगीपुढे माझी मान आपोआप खाली जाते.

आईने जोत लावली हे मला शेजारणीकडून कळलं. मी घरी येऊन विचारलं, “काय मागितलंस?”

“सांगाचं नसते.”

“मी परत यावं म्हणूनच मागितलं असशील.”

“जेवाले बस.”

मला राग आला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाविरुद्ध माझ्या सख्ख्या आईने थेट वर अर्ज टाकला होता. तिकडे एक आग पेटावी म्हणून माणसं जीव तोडत होती आणि इकडे तीच विझावी म्हणून दुसरी पेटवून ठेवली होती. बरं, भांडावं तर कशावरून? मी मानत तर काहीच नाही. आणि तिला मी हवी आहे, हा काही गुन्हा नव्हे. दोन दिवस मी तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि त्यापलीकडे फारसं बोलले नाही. तिनेही माझं तोंड उघडायचा प्रयत्न केला नाही.

नवरात्राच्या मध्यावर हवा फिरली. धान निसवून ओंबीवर आलेला, आणि वर परतीच्या पावसाचा वारा. बांध्यांमध्ये धान आडवा होतो की काय म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते. त्या वाऱ्याची एक झुळूक जाळीच्या दारातून खोलीत शिरली आणि दाराजवळची एक जोत गेली. काकांनी ती शेजारच्या जोतीवरून लगेच लावली, पण ज्यांची होती त्यांच्या घरचे धावत आले. मोठा आवाज झाला. मंडळाची पोरं जमली आणि ठरलं की वाऱ्याला आत येऊच द्यायचं नाही. दाराच्या जाळीला बाहेरून ताडपत्री ठोकली. वरचे झरोके पोत्यांनी बुजवले. मागच्या भिंतीला जमिनीलगत पाणी जायला भोकं होती, त्यांत चिंध्या कोंबल्या. सगळं गाव हातभार लावत होतं. मीही ताडपत्रीचं एक टोक धरून उभी होते, आणि वारा कुठून कसा शिरतो यावर चार शब्द ज्ञानाचेही ऐकवले. वाऱ्याशी माझं वैर जुनं. काकांना आत-बाहेर करायला ताडपत्रीची एक कड सोडली होती, तीही विटा ठेवून दाबून टाकायची. काम इतकं चोख झालं की संध्याकाळी बाहेर झाडं हलत होती आणि आतली एक जोत थरथरत नव्हती. लोक खूष झाले.

दुसऱ्या दिवशी आमची चाचणी होती. दुपार कशी काढावी हे न सुचून मी आईला घेऊन देवळात गेले. ती बायकांबरोबर पायरीवर बसली, मी खांबाला टेकले. तेवढ्यात ताडपत्रीची कड उचलून काका बाहेर आले आणि आल्या आल्या खालीच बसले. तोंडाला घाम सुटला होता.

“जीव घाबरून राहिला,” ते म्हणाले. “अन् जोती साऱ्या लहान होऊन राहिल्या. तेल आहे, वात आहे, काई समजून नाई राहिलं.”

मग सगळेच बोलायला लागले. कुणाकडून तरी विटाळ झाला. कुणाचा तरी उपास मोडला. एका म्हाताऱ्या बाईंनी देवीला हाका मारायला सुरुवात केली. एकाने हिंदीत सुचवलं, “तेल और डालो, बत्ती बढ़ाओ.” काका पुन्हा आत गेले, वाती वाढवल्या, आणि खोकत बाहेर आले. आता म्हणे नुसता काळा धूर. आई हात जोडून बसली होती. तिच्या काळ्या चष्म्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचं मला काही कळत नव्हतं.

मी ताडपत्रीची कड वर करून आत डोकावले. ओळीच्या ओळी ज्योती, पण उंची गेलेली. पिवळ्याच्या लाल झालेल्या, काही नुसत्या मण्याएवढ्या. आणि वारा अजिबात नाही. आग विझताना मी आयुष्यभर पाहिली आहे, पण ती वाऱ्याने. वाऱ्यावाचून गुदमरणारी आग मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि ज्या गोष्टीवर माझं पोट चालतं ती गोष्ट समोर असून मला समजायला वेळ लागला. मला हसू फुटलं. लोकांना वाटलं, हिचंही डोकं फिरलं.

“काका,” मी म्हटलं, “आतली हवा संपली.”

“हवा कशी संपन?” मंडळातला एक जण म्हणाला. “हवा का तेल आहे?”

“तेलासारखीच आहे. जोत दोन्ही पिते. तेल तुम्ही घालताय, हवा कुणीच घालत नाही. काका घाबरे काऊन झाले? तेही तीच हवा घेऊन राहिले ना.” मी गावात राहिले की दोन दिवसांत माझी बोली परत येते, आणि घाईत असले तर सगळीच येते.

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताडपत्रीकडे, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “बरोबर बोलून राहिली पोरगी,” ते म्हणाले.

पण ताडपत्री फाडून टाकली असती तर वारा थेट आत गेला असता आणि दम तुटत आलेल्या त्या ज्योती एका फटक्यात गेल्या असत्या. मग आम्ही बसून विचार केला. वारा समोरून येत होता. मागच्या भिंतीची खालची भोकं वाऱ्याच्या आडोशाला होती. आधी ती मोकळी करायची, आणि वरचे झरोके फक्त त्याच बाजूचे. गरम हवा वरून निघून जाईल, ताजी खालून येईल. भोकांच्या आत बांबूचा तट्टा आडवा लावायचा, म्हणजे हवा त्याला वळसा घालून सावकाश शिरेल. तट्टा धरायला आत दुसरं माणूस हवं होतं. काका मला म्हणाले, “पाय धुऊन ये.”

अशी मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले. पायाखाली तेलाने मऊ झालेली जमीन होती आणि उष्णता अशी की भट्टीच्या तोंडाशी उभी आहे. श्वास घेतला तर पुरत नव्हता, दुसरा घ्यावासा वाटत होता. बाहेरून पोरांनी झरोक्यातलं पोतं ओढलं, मग खालच्या चिंध्या काढल्या. मी तट्टा धरून बसले होते. घोट्यापाशी गार काहीतरी लागलं.

मागची ओळ आधी उठली. विझायला आलेला मणी जरासा लांबला, पिवळा झाला, आणि सरळ उभा राहिला. त्याच्या शेजारचा. त्याच्या शेजारचा. मग पुढची ओळ. हवा कुठे पोचली आहे ते डोळ्यांनी दिसत होतं, कारण ती जिथे पोचली तिथली ज्योत उभी राहत होती. मी हवेवर इतकी वर्षं काम केलंय, तिचा वेग मोजला, दाब मोजला, तिला नळ्यांमधून सोडून तिचे फोटो काढले. हवा अशी जमिनीवरून चालत येताना मी पाहिली नव्हती. फुकटची, सगळीकडे असलेली, जिचा कुणी कधी विचार करत नाही अशी ती वस्तू, आणि तिच्यावर जग उभं आहे: हे कलश, काकांची छाती, बाहेर हात जोडून बसलेल्या बायका, धानाचं पीक, आणि कुठेतरी लांब दक्षिणेत माझं ते हट्टी इंजिन. मला त्या जमिनीवर डोकं टेकवावंसं वाटलं. हातात तट्टा होता म्हणून नाही टेकवलं.

“कोपऱ्यातली पाह्य,” काका म्हणाले. “तिथं नाई पोचून राहिली.”

कोपऱ्यात दोन-तीन जोती अजून खालीच होत्या. एकीवर आईच्या नावाची चिठ्ठी होती. मी तट्टा जरा तिरका केला. कोपऱ्याकडे हवा वळली खरी, पण एकदम जास्त वळली, आणि आईची जोत आडवी झाली. तिच्यात काहीच उरलं नव्हतं, वातीच्या टोकाला निळा ठिपका. मी तट्टा गुडघ्याने दाबून धरला आणि दोन्ही हात तिच्याभोवती केले.

मला पूर्ण ठाऊक होतं की ती जोत काय मागते आहे. ती मागते आहे की माझी आग विझावी. त्याच वेळी तिकडे चाचणीची तयारी पूर्ण होत आली असेल, कदाचित हवा सोडलीही असेल. मी मानत नाही, हे मी स्वतःला सांगून पाहिलं, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी अंगावर काटा आला होता. हात काढले असते तर कुणाला कळलं नसतं. तळव्यांना चटका बसत होता. मी हात काढले नाहीत. जे काही मागितलं असेल ते असो, ती आईची आग होती, आणि आग टिकवायची एवढं एकच काम मला येतं.

ती उठली. आधी माझ्या बोटांच्या आत, मग बोटांच्या वर.

बाहेर आल्यावर बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले. आईने माझे तळवे उलटसुलट करून बघितले आणि पदराने त्यांची काजळी पुसली. मी तिला काही सांगितलं नाही. गावात फोनला नेटवर्क धड मिळत नाही, तलावाच्या पाळीवर मिळतं. मी तिकडे निघाले.

पाळीवर वारा भरपूर होता. एका अंगाला भरलेला तलाव, दुसऱ्या अंगाला धान, आणि दूर तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. पाण्याच्या कडेला सारसांची जोडी चरत होती. फोन हातात धरून मी येरझारा घातल्या. वाजला तेव्हा मी तो लगेच उचललाही नाही. माझी सहकारी होती. आमची भाषा एकमेकींना येत नाही म्हणून आम्ही हिंदीत बोलतो, आणि दोघींचीही हिंदी भयंकर आहे. ती आधी नुसतीच श्वास घेत राहिली.

“बोल,” मी म्हटलं.

“आग बैठ गई,” ती म्हणाली. “बैठी रही. हमने तेल बंद किया, तब गई. अपने आप नहीं गई.”

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. मागे माणसं ओरडत होती, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी माझं नाव घेत होतं. आम्ही खाच या खेपेला थोडी बदलली होती. वादळाहून कितीतरी वेगाचा वारा तिच्यावरून गेला, आणि आत आग बसून राहिली, उठली नाही. फोन ठेवल्यावर मी पाळीवर बसले. समोर आभाळ होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे हिशेब मांडत बघायची, ही एवढी हवा, इतकी उंची, इतका दाब. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं बघितलं. कुणीतरी एक दिवस त्याच्यातून वर जाईल आणि जाताना ओंजळीने त्यातलंच घेत जाईल. माणसाला हे सुचलं कसं आणि एवढी परवानगी त्याला मिळाली कशी, असं मी स्वतःलाच विचारत होते. मला फार आनंद झाला होता. आणि मग घराकडे वळायचं म्हटल्यावर त्या आनंदात आतली खोली आली, जाळी काढलेली.

आई अजून देवळाच्या पायरीवर होती. बाकीच्या बायका गेल्या होत्या. मी तिच्या शेजारी बसले.

“आई, टिकली.”

“तुह्या इंजनातली?”

“हो.”

“किती वेळ?”

“त्यांनी इंधन बंद करेपर्यंत. आपण होऊन नाही विझली.”

तिने जोतींच्या खोलीकडे तोंड करून हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, “तुझं मागणं मात्र वाया गेलं गं.”

“कोनं सांगतलं?”

मी तिच्याकडे वळले.

“मी थेच मांगलं होतं,” आई म्हणाली. “आता झालं, सांगाले हरकत नाई. पोरीच्या कोनाड्यातला दिवा टिकू दे म्हणून मांगलं.”

“पण तुला तर मी घरी यायला हवी होते ना?”

“होती ना. आहे ना. कोनाले नसन?” ती म्हणाली. “पन तू हारून आली असती तं त्या खोलीत तोंड पाडून बसली असती. थे मी रोज पाह्यलं असतं. मले नसतं पाह्यवलं.”

“मग खोली कशाला साफ केलीस?”

“मांगलं म्हणून भेटतेच का? नाई भेटलं तं तुले कुठं निजवलं असतं?”

मी तिचा हात धरला. तिने समोर बघतच म्हटलं, “जोत लावताना वाटलं, देवी काई येवढ्या लवकर आयकत नाई. दोन-चार वर्सं जातीन. तवरक तू मह्यापाशी राह्यशीन.” आणि मग तिचा आवाज फुटला. “आयकलं ना वं तिनं.”

डोळ्याच्या ऑपरेशनला थोडेच दिवस झालेल्या माणसाने रडायचं नसतं. मी तिला थांब म्हटलं नाही. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि त्या नव्या डोळ्याने माझं तोंड नीट बघून घेतलं.